सुपरहिरोची टर उडवायची, तर आधी त्याची केप नीट काढता यायला हवी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. पुण्यात राहणारा, उडणारा, केप लावणारा एक सुपरहिरो घेऊन तुम्ही आठ पानांचं विनोदी कॉमिक काढलंत. पहिल्या पानावर त्याची केप स्कूटरच्या चाकात अडकते. दुसऱ्यावर कपडे बदलायला जागा नाही म्हणून तो सार्वजनिक शौचालयाबाहेर रांगेत उभा राहतो. पुढे हेल्मेट न घालता उडाला म्हणून चौकात त्याची पावती फाडतात. मित्र पोट धरून हसले, पण ज्यांच्या मताची तुम्हाला किंमत आहे त्यांनी 'हे विनोदांचं गाठोडं आहे, गोष्ट कुठाय?' असं म्हणून पानं परत दिली. आता तुम्हाला कळून घ्यायचंय की सुपरहिरोंची टर उडवणारी आणि त्या प्रकाराला पुढे नेणारी कोणती कॉमिक्स वाचावीत, आणि टर उडवणं कुठे संपतं नि पुढे नेणं कुठे सुरू होतं.

मी पंचवीस वर्षं पानांवर शाई फिरवतोय, त्यातली दहाएक वर्षं शिकवतोयही. त्यामुळे उत्तर चित्रकाराच्या टेबलावरून देतो. माझं म्हणणं असं की हे दोन वेगळे कप्पे नाहीतच. सुपरहिरोच्या गोष्टीत शंभर न बोललेले नियम असतात: चष्मा लावला की कुणी ओळखत नाही, केप कधी मळत नाही, मेलेला माणूस सहा महिन्यांनी परत येतो. त्यातला एक नियम उचलायचा आणि 'खरंच असं असतं तर?' असं विचारायचं. दोन चौकटींत थांबलात तर विनोद होतो. न थांबता शेवटपर्यंत गेलात तर तोच विनोद वाचणाऱ्याच्या घशाशी येतो. आणि दोन्ही जमायला मूळ चीज हातात असावी लागते. माझ्या अनुभवात बाहेरून दगड मारणाऱ्यांची विडंबनं लवकर शिळी होतात. जी टिकली, ती घरातल्याच माणसांनी केलेली आहेत.

सुरुवातच बघा. १९३८ साली सुपरमॅन छापून आला, त्याआधी जेरी सीगल आणि जो शुस्टर यांची ती चित्रमालिका ठिकठिकाणांहून नाकारली गेली होती. ती वाचून ज्याला मनापासून पटली आणि जो तिच्या बाजूने भांडला, तो शेल्डन मेयर नावाचा विशीतला संपादकीय सहायक. आणि दोनच वर्षांनी, १९४० मध्ये, सुपरहिरोचं अगदी सुरुवातीचं विडंबन कुणी काढलं? याच मेयरने. न्यूयॉर्कमधली किराणा दुकान चालवणारी एक धिप्पाड बाई, मा हंकेल. मुलांना ग्रीन लँटर्न या सुपरहिरोचं वेड, म्हणून ही लाल लांब चड्डी-बनियन चढवते, डोक्यावर पातेलं उपडं घालते आणि 'रेड टॉर्नेडो' बनून गुंडांना बदडते. त्याच काळात जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या मंडळाची पहिली बैठक छापून आली. तिथेही ही बाई येते, पण तिची विजार फाटते आणि ती निघून जाते. माणूस तोच, ज्याला सुपरमॅनची किंमत सगळ्यांच्या आधी कळली होती. मला हे फार बोलकं वाटतं. शिवाय मा हंकेल पातेलं घालून उभी असताना मेयरने तिला हास्यास्पद काढलीय, पण दुबळी काढलेली नाही. तिचा ठोसा लागतो.

मेयरचा तेव्हाचा मालक एम. सी. गेन्स. त्याच्या मुलाने, विल्यम गेन्सने, पुढे 'मॅड' हे विडंबनाचं कॉमिक छापलं. आणि 'मॅड'च्या चौथ्या अंकात, १९५३ मध्ये, ती आठ पानं आली जी मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात हाताने नक्कल करायला लावतो: 'सुपरडुपरमॅन'. लेखन हार्वी कुर्ट्झमन, चित्रं वॉली वुड. तुमचीही आठच पानं आहेत, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

क्लार्क बेंट हा वर्तमानपत्राच्या कचेरीतला सगळ्यात खालचा नोकर, पिकदाण्या घासणारा. लोइस पेन त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. त्याच्यापाशी क्ष-किरणांची नजर आहे, तर तो तिचा उपयोग बायकांच्या खोलीत डोकावायला करतो. मग कॅप्टन मार्बल्स येतो. त्याने सत्कार्य सोडून पैशाचा धंदा धरलेला आहे. त्याचा जादूचा शब्द 'शझूम', आणि त्यातल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ 'पैसा'. दोघांची मारामारी होते, शहर उद्ध्वस्त होतं, आणि शेवटी सुपरडुपरमॅन त्याला फसवून स्वतःच्याच डोक्यात ठोसा मारायला लावतो. जिंकल्यावर तो लोइसला आपली खरी ओळख सांगतो. ती म्हणते, नेभळट तो नेभळटच, आणि चालू लागते.

आता चित्रं बघा. वुडने हा माणूस कसा काढलाय? खऱ्या सुपरमॅनच्या त्या वेळच्या पानांपेक्षाही दणकट. स्नायूंवर दोन बाजूंनी प्रकाश, पाठीमागे काळ्या शाईचे भरीव तुकडे, इमारती कोसळताना विटा मोजता याव्यात असं काम. छातीवरचं चिन्ह चौकटीगणिक बदलत जातं, कधी तिथे चक्क जाहिरात असते. पण त्या चिन्हाखालची छाती मात्र खोटी नाही. विनोद उभा राहतो तो याच खरेपणावर. तुमच्या पानांत उलट झालंय. तुमचा हिरो पहिल्या चौकटीपासूनच पोट सुटलेला, डोळे बटबटीत, केप टॉवेलासारखी. तो हास्यास्पद आहे हे तुम्ही आधीच सांगून टाकलंत, मग स्कूटरने करायचं काय उरलं? केप आधी भारदस्त उडू दे, तिच्या चुण्या अभ्यासून काढा, वाचणाऱ्याला दोन क्षण खरंच वाटू दे की हा आता आभाळात जाणार. मग चाकात अडकवा.

आपल्याकडे हे नवीन नाही. केशवकुमारांनी, म्हणजे अत्र्यांनी, 'झेंडूची फुले' मध्ये रविकिरण मंडळाच्या कवितेची जी यथेच्छ खिल्ली उडवली, तिच्यात वृत्त कुठे ढिलं पडलेलं नाही. ज्याची टर उडवायची त्याचं वृत्त आपल्याला त्याच्याइतकंच पक्कं यावं लागतं. आमच्या धंद्यात वृत्ताच्या जागी शरीररचना, यथादर्शन आणि शाईची रेष असते, एवढाच फरक.

वुडचं पुढे काय झालं हेही सांगतो, कारण त्यातून एक सुंदर साखळी तयार होते. १९६४-६५ मध्ये तो मार्व्हल कंपनीच्या 'डेअरडेव्हिल' या आंधळ्या सुपरहिरोच्या मालिकेवर काम करायला लागला आणि त्या हिरोचा पिवळा पोशाख बदलून त्याने जो संपूर्ण लाल पोशाख दिला, तोच आजही ओळखला जातो. सुपरहिरोची इतकी कडक चेष्टा करणाऱ्या हातानेच एका सुपरहिरोला त्याचं कायमचं रूप दिलं. पुढे १९८४ मध्ये केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेयर्ड यांनी त्याच 'डेअरडेव्हिल'ची टर उडवायला चार कासवं काढली, तीच 'टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स'. काळं-पांढरं, स्वखर्चाने छापलेलं, पहिली आवृत्ती सुमारे तीन हजार प्रतींची. डेअरडेव्हिलची दृष्टी ज्या अपघातात जाते, त्याच अपघातातला किरणोत्सारी डबा गटारात पडतो आणि कासवं घडतात. डेअरडेव्हिलचा गुरू 'स्टिक', तर कासवांचा 'स्प्लिंटर', म्हणजे काठीचा कपचा. शत्रूंची टोळी तिकडे 'हँड', इकडे 'फूट'. मित्रांमध्ये हसण्यासाठी केलेली ही चेष्टा जगभरच्या पोरांची खरीखुरी सुपरहिरो-गोष्ट होऊन बसली, आणि त्यातल्या बहुतेक पोरांना मूळ विनोद कधी कळलाही नाही. विडंबन स्वतःच्या पायावर उभं राहू शकतं ते असं.

'सुपरडुपरमॅन'मधली मारामारी ही निव्वळ कल्पना नव्हती. कॅप्टन मार्बल्स म्हणजे फॉसेट कंपनीचा कॅप्टन मार्व्हल. चाळीसच्या दशकात तो सुपरमॅनपेक्षा जास्त खपत होता. सुपरमॅनच्या मालकांनी १९४१ मध्ये नक्कल केल्याचा दावा लावला, तो बारा वर्षं चालला आणि १९५३ मध्ये फॉसेटने चार लाख डॉलर देऊन कॅप्टन मार्व्हल बंद केला. कुर्ट्झमन आणि वुड यांची गोष्ट नेमकी त्याच वर्षाची. एकाने दुसऱ्याला आपटायचं आणि मध्ये शहराचा चुराडा, हे त्या खटल्याचंच चित्र होतं.

खटल्याचा दुसरा परिणाम इंग्लंडमध्ये झाला. तिथे कॅप्टन मार्व्हल पुन्हा छापून विकणाऱ्या एल. मिलर या प्रकाशकाचा माल अचानक आटला. त्याने मिक अँग्लोकडून घाईने जवळजवळ तसाच एक हिरो करून घेतला: मार्व्हलमन, १९५४. त्याचा जादूचा शब्द 'किमोटा', म्हणजे 'अ‍ॅटॉमिक' उलटं वाचून. १९६३ मध्ये तो बंद पडला. आणि १९८२ मध्ये 'वॉरियर' या मासिकात अ‍ॅलन मूर यांनी त्याला पुन्हा उठवलं, चित्रं गॅरी लीच यांची. लहानपणी वाचलेल्या 'सुपरडुपरमॅन'चा आपल्यावर थेट प्रभाव आहे हे मूर यांनी स्वतः सांगितलंय. कुर्ट्झमनने जो स्क्रू हसण्याच्या दिशेने फिरवला, तोच त्यांनी दुसऱ्या दिशेने फिरवला.

कसा फिरवला ते बघा. माईक मोरन, वय वाढलेलं, अंगाने सुटलेला, डोकेदुखीने बेजार, पैशाची चणचण, रात्री उडण्याची स्वप्नं पडतात पण एक शब्द काही केल्या आठवत नाही. एका अणुवीज केंद्रात त्याला ओलीस धरतात, तिथे काचेच्या दारावरची अक्षरं त्याला उलट्या बाजूने दिसतात आणि शब्द ओठांवर येतो. घरी परतून तो बायकोला, लिझला, जुने दिवस सांगू लागतो: आपले दोन छोटे साथीदार, शास्त्रज्ञ खलनायक, काळातून आलेले आक्रमक. लिझला हसू आवरत नाही. वाचणारे आपणही हसतो, कारण ती जुनी कथानकं खरंच पोरकट आहेत. आणि तो कमालीचा दुखावतो. ती हसतेय ते त्याच्या आयुष्याला. माझ्या मते सुपरहिरो-कॉमिक्सच्या विस्ताराची सगळी किल्ली या एका प्रसंगात आहे. विनोद तोच, चौकटही तीच, फक्त कॅमेरा हसणाऱ्याकडून ज्याला हसलं जातंय त्याच्याकडे वळतो.

मूर यांच्याच 'वॉचमेन'बद्दल मी लांबण लावणार नाही, ते तुम्ही वाचलेलं असणार. एवढंच सांगतो की पुढच्या वेळी वाचताना शब्द झाकून वाचा. १९८६-८७ चे बारा अंक, चित्रकार डेव्ह गिबन्स, बहुतेक पानं नऊ सारख्या चौकटींत बांधलेली. धाड-धूम असे ठसठशीत आवाज नाहीत, विचारांचे ढगासारखे फुगे नाहीत, वेगाच्या रेषा नाहीत. सुपरहिरो-कॉमिकची नेहमीची आरडाओरड काढून टाकली की उरणारी शांतता किती भयाण असते, हे त्या मांडणीने दाखवलं. पाचव्या प्रकरणाची पानरचना तर मधल्या जोडपानापासून दोन्ही बाजूंना आरशासारखी आहे, पहिलं पान शेवटच्याशी जुळतं. आणि हे सगळं जुन्या चार्लटन कंपनीच्या हिरोंना समोर ठेवून केलेलं. सुपरमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने त्या व्यक्तिरेखा विकत घेतल्या होत्या, आणि संपादक डिक जिओर्डानो यांनी त्या मोडू नका, नव्या घडवा असं सांगितलं. पुढच्या कित्येकांनी 'वॉचमेन'मधून रक्त, पाऊस आणि कडवटपणा उचलला. चौकटींची शिस्त थोड्यांनीच उचलली. नव्वदीतल्या ढिगाने निघालेल्या 'गंभीर' कॉमिक्सकडे मी म्हणूनच कुणाला पाठवत नाही.

संतापाने लिहिलेली विडंबनंही आहेत. पॅट मिल्स आणि केव्हिन ओ'नील यांचं 'मार्शल लॉ', १९८७ चं. त्याचा नायक हिरोंची शिकार करतो आणि म्हणतो की खरा हिरो अजून सापडला नाही. ओ'नील यांच्या रेषेत अशी काही धार होती की अमेरिकेतल्या कॉमिक्स कोडच्या, म्हणजे प्रकाशकांनीच केलेल्या सेन्सॉर नियमावलीच्या, परीक्षकांनी एकदा त्यांच्या एखाद्या चित्रावर नव्हे, एकूण चित्रशैलीवरच आक्षेप घेतला होता. त्यांची पानं मी भिंगाखाली बघतो, इतकी ती भरलेली आहेत. गार्थ एनिस आणि डॅरिक रॉबर्टसन यांचं 'द बॉइज' २००६ ते २०१२ चाललं, बहात्तर अंक. डीसीच्या एका शाखेने सहा अंकांनंतर ते सोडलं आणि दुसऱ्या प्रकाशकाने पूर्ण केलं. एनिस यांना सुपरहिरो आवडत नाहीत हे ते लपवत नाहीत. माझं मत विचाराल तर त्यातली, सुपरहिरोंना वेसण घालणाऱ्या टोळीतल्या ह्यूई आणि बुचरची माणसं म्हणून लिहिलेली पानं अप्रतिम आहेत, पण सुपरहिरोंना घाणेरडं दाखवणारी पानं पंधराव्या अंकापर्यंत एकसुरी होतात. ज्याच्यात काही चांगलं असू शकतं असं लेखकालाच वाटत नाही, त्याची मूर्ती फोडताना आवाज होत नाही.

आता माझ्या सगळ्यात जवळच्या दोन गोष्टी.

पहिली 'अ‍ॅनिमल मॅन', प्राण्यांच्या शक्ती उसन्या घेणाऱ्या हिरोची मालिका, लेखन स्कॉटलंडच्या ग्रँट मॉरिसन यांचं, १९८८ ते १९९०, सव्वीस अंक. पाचवा अंक, 'द कोयोटी गॉस्पेल', जरूर मिळवा. कार्टूनमध्ये पाठलाग करणारा, कड्यावरून पडणारा, स्फोटात उडणारा आणि पुढच्या क्षणी धडधाकट उभा राहणारा प्राणी आपण सगळ्यांनी पाहिलाय. नियम असा की त्याला कधी काही होत नाही. मॉरिसन विचारतात: त्याला दुखत असेल तर? क्राफ्टी नावाचा तो कोयोटी, म्हणजे कोल्ह्यासारखा प्राणी, या न संपणाऱ्या हिंसेला कंटाळून आपल्या निर्मात्याकडे जातो आणि ती थांबवण्याची विनवणी करतो. त्या बदल्यात त्याला आपल्या जगात, खऱ्या मांस-रक्ताच्या शरीरात, यातना भोगायला पाठवलं जातं. इथेही तो मरतो, जुळतो, पुन्हा मरतो. तो आपली कहाणी लिहून अ‍ॅनिमल मॅनच्या हातात देतो आणि अ‍ॅनिमल मॅनला ती वाचता येत नाही. शेवटी क्राफ्टी चौरस्त्यावर हात पसरून मरून पडलेला, आपण वर वर जात राहतो, आणि एक प्रचंड ब्रश चौकटीत येऊन त्याचं रक्त लाल रंगवतो. मी स्वतः ब्रश चालवणारा माणूस आहे. ती चौकट पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं होतं.

मालिकेच्या शेवटच्या अंकात अ‍ॅनिमल मॅन थेट लेखकाच्या घरी जाऊन पोचतो आणि विचारतो, माझी बायकामुलं का मारलीत? लेखकापाशी धड उत्तर नसतं. गोष्टीत रंग भरायला मारली. मेलेल्या नातेवाइकांचा हिरोच्या दुःखासाठी इंधनासारखा वापर हा या प्रकाराचा जुना नियम, आणि इथे तो ज्याच्यावर लादला गेला तोच जाब विचारतो. पात्र लेखकाला भेटतं ही क्लृप्ती तशी जुनी आहे. मॉरिसन यांचं मोठेपण हे की ते क्लृप्तीपाशी थांबत नाहीत, त्याची माणसं त्याला परत देतात.

दुसरी 'अ‍ॅस्ट्रो सिटी'. लेखन कर्ट ब्यूसिएक, चित्रं ब्रेंट अँडरसन, मुखपृष्ठं अ‍ॅलेक्स रॉस, १९९५ पासून. इथे टर कुठेच नाही, पण नियम उचलून शेवटपर्यंत नेणं सगळीकडे आहे. पहिल्याच गोष्टीत सामॅरिटन नावाचा, सुपरमॅनच्या तोलाचा हिरो जगभर संकटं निवारत पळतो. तो उडतो, पण उडण्याचा आनंद घ्यायला त्याला वेळच नसतो. दिवसाअखेर तो सेकंद मोजतो: आज एकूण किती वेळ हवेत होतो? भरतो एका मिनिटाहून कमी. मग रात्री झोपेत तो मोकळा उडतो. तुमच्या हिरोला दंड होतो तो विनोद आणि हा प्रसंग एकाच प्रश्नातून निघालेत: उडणाऱ्या माणसाचा दिवस कसा जात असेल? तुम्ही वाहतूक पोलिसापाशी थांबलात, ब्यूसिएक रात्र होईपर्यंत थांबले.

याच मालिकेतली १९९६ ची 'द नियरनेस ऑफ यू' मी माणसांना भेट म्हणून देतो. तिची पार्श्वभूमी अशी: १९८५-८६ मध्ये डीसीने 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या बारा अंकांच्या मालिकेतून आपल्या सगळ्या समांतर पृथ्व्या गुंडाळून एक केली. इतिहास नव्याने लिहिला, काही पात्रं कधी जन्मलीच नव्हती असं ठरवलं. वाचकांसाठी हा वाद घालायचा विषय. ब्यूसिएक यांनी विचारलं, त्या पुसलेल्या जगात साधी माणसंही असतील ना? मायकेल टेनिसेक या सामान्य माणसाला रोज एका बाईचं स्वप्न पडतं. तिचे केस, तिचा वास, तिचं हसणं त्याला माहीत आहे, पण तो तिला कधी भेटलेला नाही. झोप उडते, तो खंगत जातो. शेवटी हँग्ड मॅन नावाचा एक गूढ हिरो येऊन सांगतो: ती तुझी बायको होती. सुपरहिरोंच्या एका महायुद्धात काळ मोडला, पुन्हा जोडला, आणि जोडताना तिच्या आजी-आजोबांची भेटच राहून गेली. तू म्हणशील तर तिला विसरवून टाकतो. मायकेल नको म्हणतो, आणि जाता जाता विचारतो, बाकीचे काय करतात, किती जण विसरणं मागतात? हँग्ड मॅन म्हणतो, कुणीच नाही.

अख्ख्या गोष्टीत हाणामारीची पानं नावालाच. अँडरसन यांनी ती बाई सगळीकडे काढलीय कुशीत, पाठमोरी, अंधुक उजेडात, आठवण जशी दिसते तशी. सुपरहिरो न हलता बोलतो आणि सामान्य माणूस थरथरतो. पेन्सिल हातात घेऊन बसा आणि त्या मायकेलच्या खांद्यांची नक्कल करा. बरंच काही शिकाल.

जपानचं एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण तुमचा विनोद त्याच्या जवळ जातो. वन या टोपणनावाच्या लेखकाने २००९ मध्ये इंटरनेटवर ओबडधोबड चित्रांत 'वन-पंच मॅन' सुरू केलं. युसुके मुराता या कसलेल्या चित्रकाराला ते इतकं आवडलं की २०१२ पासून त्यांनी ते नव्याने काढायला घेतलं. सैतामा रोज शंभर जोर, शंभर बैठका, पोटाचे शंभर व्यायाम आणि दहा किलोमीटर धावणं असं तीन वर्षं करतो, त्याचे केस गळतात आणि तो इतका बलवान होतो की कुणीही एका ठोशात संपतो. नियम: हिरो शेवटी जिंकतो. शेवटपर्यंत नेल्यावर: मग लढण्यात राहिलं काय? त्याला सुपरमार्केटची सवलत चुकू नये याचीच जास्त काळजी. मुराता राक्षस आणि कोसळती शहरं जीव ओतून काढतात आणि मध्ये सैतामाचं तोंड अंड्यासारखं, दोन ठिपके आणि एक रेघ. वुडचाच धडा, पण उलटा लावलेला. जपानी उच्चारात हे नाव 'अनपानमॅन'ची आठवण करून देतं. तो ताकाशी यानासे यांचा, १९७३ पासून चित्रपुस्तकांतून आलेला, भुकेल्याला स्वतःच्या पावाच्या डोक्याचा तुकडा तोडून देणारा हिरो. युद्धात भूक सोसलेल्या माणसाने घडवलेला. ते नाव ठेवणाऱ्या लेखकाच्या मनात हिरोबद्दल तिरस्कार नाही हे ओळखायला फार पुढे जावं लागत नाही. समुद्रातल्या राक्षसासमोर मुमेन रायडर, सायकलवरून फिरणारा, कसलीच शक्ती नसलेला हिरो, हरणार हे माहीत असून उभा राहतो. मग सैतामा येऊन एका ठोशात काम संपवतो. गर्दीतला एक जण हरलेल्या हिरोंना नावं ठेवू लागतो, तेव्हा सैतामा मोठ्याने सांगतो की बाकीच्यांनीच त्याला आधी थकवलं होतं, मला आयतं मिळालं. श्रेय स्वतःहून सोडतो. तीनशे विनोद करून लेखकाने हा क्षण कमावलेला आहे.

क्रमाने वाचायचं तर आधी 'सुपरडुपरमॅन', मग 'मार्व्हलमन' (ते पुढे 'मिरॅकलमन' नावाने निघालं, त्या नावाने शोधा), मग 'अ‍ॅनिमल मॅन' आणि 'अ‍ॅस्ट्रो सिटी'. 'वन-पंच मॅन' कधीही. विनोद चेहऱ्यांवर कसा चालवायचा ते शिकायला १९८७ पासूनची 'जस्टिस लीग' ही सुपरहिरोंच्या चमूची मालिका बघा, कीथ गिफन, जे. एम. डिमॅटिस आणि चित्रकार केव्हिन मग्वायर यांची. एकाच चौकटीत सहा माणसं उभी असतात आणि सहांचे वैताग वेगळे असतात.

आता तुमच्या पानांकडे. मराठी वाचकासाठी काढताना एक अडचण राहते. विडंबन कळायला मूळ माहीत लागतं. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीत वाचून मोठी झालेली पिढी आहे, तिला मुखवटा, कवटीची अंगठी, बापाकडून मुलाकडे जाणारा वसा हे पाठ आहे. नंतरच्यांना सुपरहिरो चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीवरच्या कार्टूनमधून माहीत आहे. दोघांनाही न सांगता ठाऊक असलेला नियम निवडा. तो तुमच्या चौथ्या पानावर आलेला आहे आणि तुम्ही त्याला तीनच चौकटी दिल्यात.

तुमचा हिरो पेठेतल्या गल्लीत रफू करणाऱ्याकडे केप घेऊन जातो. म्हातारा चष्म्यावरून बघतो, म्हणतो, "परत खांद्याशीच? मंगळवारी या." पुढच्या चौकटीत तुम्ही पुन्हा स्कूटरकडे पळता. तिथेच थांबा. पोशाख फाटतो, पुढच्या अंकात तो कोरा करकरीत असतो, कुणी विचारत नाही: हा नियम. तर मग तो कुणीतरी शिवत असणार. ज्याच्याकडे मापांची वही आहे, त्याला या माणसाची छाती गेल्या वर्षी किती होती आणि आता किती उतरलीय हे माहीत आहे. गोळी कुठून शिरली हे त्याला भोकावरून कळतं. रक्ताचे डाग तो घरी नेऊन स्वतः धुतो, दुकानात नाही. नाव त्याने कधी विचारलेलं नाही. आठही पानं याच दुकानात काढून बघा. रस्त्यावरची मारामारी दाखवूच नका, दारात ठेवलेल्या रेडिओवरून ऐकू येऊ दे. विनोद काढून टाकायची गरज नाही. पावती फाडणारा हवालदारही याच दुकानात खाकी पँटची शिलाई उसवली म्हणून येऊन बसू शकतो, आणि म्हातारा केपवर पटकन वर्तमानपत्र टाकू शकतो.

केपच्या कापडाचा पोत ब्रशने काढा, निबने नको. रफूचे टाके मात्र अगदी बारीक निबने, एकेक. जुने टाके आणि नवे टाके वेगळे दिसले पाहिजेत. शेवटच्या पानावर मंगळवार उजाडलेला, केप घडी घालून तयार, म्हातारा दाराकडे बघत बसलेला असू दे. कोण येतं, किंवा येतं की नाही, हे तुम्ही ठरवा. कच्ची पानं झाली की शाई लावायच्या आधी मला दाखवा.